किनाऱ्यावरची जुनी मोटार: घरी काय दुरुस्त करावे आणि काय बदलून टाकावे

पंधरा वर्षे कोकणात वापरलेली मोटार आणि तितकीच वर्षे देशावर वापरलेली मोटार शेजारी उभी केली, तर इंजिनात फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो पत्र्यात, वायरींच्या जोडांत, नटबोल्टांत आणि रबरात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हाही खारी हवा आपले काम करीतच असते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेते आणि विरघळते. त्यामुळे पडवीत उभ्या असलेल्या, पावसाचा थेंबही न लागलेल्या गाडीच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर बसलेला असतो. वर प्लॅस्टिकचे कव्हर घट्ट बांधून ठेवले, तर तो थर वाळण्याची उरलीसुरली शक्यताही संपते.

त्यामुळे जुन्या गाडीवर कुठे पैसे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत, याचा हिशेब किनाऱ्यावर थोडा वेगळा मांडावा लागतो. माझे मत असे आहे की पाणी, मीठ आणि माती यांना आत शिरू न देणारे जे भाग असतात, म्हणजे रंग, रबरी टोप्या, दारांची रबरे, पाणी जाण्याची भोके, वायरींवरची आवरणे, त्यांची दुरुस्ती घरी, थोडक्या खर्चात आणि वेळेआधी करावी. मात्र गाडी थांबवणारे, वळवणारे आणि तिचा भार पेलणारे भाग झिजले असतील, तर त्यांची डागडुजी करू नये, ते बदलावेत. पहिल्या प्रकारच्या कामात चूक झाली तर गाडी थोडी विद्रूप दिसते किंवा पाय ओले होतात. दुसऱ्या प्रकारच्या कामातली चूक आंबा घाटात किंवा कुंभार्ली घाटात, उतरणीवर, पावसात लक्षात येते.

कामाचा हंगाम आणि बैठक

ही कामे पाडव्यापासून मृग लागेपर्यंतच्या काळात उरकावीत. पावसाळ्यात केलेले रंगाचे काम टिकत नाही, आणि गणपतीला चाकरमानी आले की गावातल्या कोणत्याही गॅरेजात आठवडाभर नंबर लागत नाही. दुसरी, छोटी पाहणी नवरात्रानंतर करावी, कारण चार महिन्यांच्या पावसाने काय केले आहे ते तेव्हा ताजे दिसते.

गाडीखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली दोन चिरे सरकवून माणसे बिनधास्त आडवी होतात. जांभा सच्छिद्र दगड आहे. घराच्या भिंतीत त्यावर भार सगळ्या पृष्ठभागावर सारखा पडतो, गाडीखाली मात्र तो एका कोपऱ्यावर येतो, आणि अशा वेळी चिरा आधी न करकरता एकदम दुभंगतो. लोखंडी स्टँडची जोडी विकत घ्यावी, ती गाडीच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकते. जमीन मातीची असेल तर स्टँडखाली जाड लाकडी फळी ठेवावी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर लावावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

बाकी हत्यारे साधीच लागतात: पान्ह्यांचा संच, पकड, पेचकस, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, छोटा आरसा, हातातली बॅटरी (टॉर्च) आणि विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर. गाडीची माहितीपुस्तिका हरवली असेल तर ती मिळवावी, कारण तेल किती, कोणते आणि कोणता भाग किती किलोमीटरला बदलायचा हे गावातल्या मिस्त्रीच्या आठवणीवर सोडणे बरे नव्हे.

गंज: बहुतेक गाड्या इथेच हरतात

प्रथम गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. साधा नळीचा फवारा पुरतो. चाकांच्या कमानींच्या आतल्या कडांवर बोटे फिरवून तिथे बसलेला लाल मातीचा गाळ काढावा, कारण हा गाळ पावसाळाभर ओला राहतो आणि पत्रा आतून खातो. गाडी दोन दिवस कडक उन्हात, दारे-डिकी उघडी टाकून वाळू द्यावी. आतले गालिचे आणि त्याखालचा नमदा उचलून बाहेर काढावा. ज्यांच्या डिकीतून हर्णै किंवा मिरकरवाड्याहून मासळीची पाटी येते, त्यांनी स्टेपनीचे चाक काढून खालचा खड्डा अवश्य पाहावा. बर्फाचे खारे पाणी तिथे साठते आणि वरून गाडी कितीही चकचकीत असली तरी तो खड्डा चाळणीसारखा झालेला असतो.

नंतर पेचकसाच्या मुठीने पत्रा ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. जिथे आवाज बद्द येईल तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. टोक आत गेले नाही आणि फक्त रंगाचा पापुद्रा निघाला, तर गंज वरवरचा आहे. खड्डे पडलेले आहेत पण पत्रा शाबूत आहे, तर काम अजून घरी होण्यासारखे आहे. टोक आरपार गेले, तर पुढचा निर्णय जागेवर अवलंबून आहे.

दाराचा खालचा भाग, पुढचा मडगार्ड, बॉनेटची कड, डिकीचे झाकण हे भार पेलणारे पत्रे नव्हेत. त्यांना भोक पडले तर फायबरचे कापड आणि रेझीन लावून, लांबी (खळगे बुजवण्याची पुट्टी) भरून दोन-तीन वर्षे काढता येतात, आणि तेवढ्यात गाडीचे जे काय ठरायचे ते ठरते. बोल्टवर बसणारा मडगार्ड किंवा दार असेल, तर चांगल्या अवस्थेतला वापरलेला भाग शोधून बसवणे अनेकदा त्याहून स्वस्त पडते. याउलट दारांखालची लांब पोकळ पट्टी, जॅक लावण्याची जागा, पुढच्या शॉकअपचे वरचे टोक जिथे बसते तो मनोरा, मागच्या शॉकअपच्या व सस्पेन्शनच्या बैठका आणि सीटबेल्ट जिथे बोल्टने आवळलेले असतात त्या जागा, यांपैकी काहीही आरपार खाल्लेले असेल, तर एम-सील, फायबर, लांबी यांचा विचारही करू नये. तिथला कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवून घ्यावा लागतो आणि ते काम जाणत्या डेंटरचेच आहे. कुजलेल्या पत्र्यावर वरून चौकोनी तुकडा टाचून देणारे कारागीर पुष्कळ मिळतात. तसले ठिगळ पुढच्या पावसाळ्यात कडेकडेने सुटते, कारण ते ज्याला धरून बसायचे तो पत्राच उरलेला नसतो.

वरवरच्या किंवा खड्ड्याच्या गंजाचे काम असे करावे. गंजाच्या भोवतीचा सुटा रंग तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा, आणि गंज दिसतो तिथे न थांबता शाबूत रंगाच्या आत दोन बोटे जावे, कारण रंगाखालून गंज नेहमी दिसतो त्यापेक्षा पुढे सरकलेला असतो. धातू चमकू लागला की कडा २२० नंबरच्या पेपरने उतरत्या कराव्यात. खड्ड्यांत तळाशी जो काळसर गंज उरतो तो ब्रशने जात नाही. तिथे टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावावे आणि बाटलीवर सांगितलेला वेळ पूर्ण जाऊ द्यावा. हातमोजे घालावेत. त्यानंतर जागा थिनरने पुसून, तिला पुन्हा बोट न लावता, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत.

लांबी भरायची ती या प्रायमरवर. इथेच बहुतेकांचे काम बिघडते. उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरून वर प्रायमर मारण्याची घाई सर्रास होते. पण सुकलेली लांबीसुद्धा ओल शोषते, आणि ती ओल पत्र्याला चिकटून बसते. प्रायमरचा थर मध्ये असेल तर ओल पत्र्यापर्यंत पोचत नाही. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसावा. त्याहून खोल खळगा असेल तर पत्रा मागून ठोकून वर आणावा. नंतर ३२० नंबरचा पेपर, पुन्हा प्रायमर, रंग आणि शेवटी लॅकर. हे फवारणीचे काम सकाळी दहा-साडेदहानंतर, दव पूर्ण उडाल्यावर सुरू करावे आणि तिसऱ्या प्रहरी थांबवावे. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि लॅकरवर दुधट झाक येते, जी नंतर घासूनच काढावी लागते.

गाडीच्या पोटाला काळे डांबरी कोटिंग मारून घ्यायचे असेल, तर ते गंज काढून झाल्यावरच. गंजावर मारलेले कोटिंग ओल आत कोंडते, आणि वरून सगळे काळेभोर व निर्दोष दिसत असल्यामुळे आतले नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही. कोटिंग मारणाऱ्याने दारांच्या तळाची आणि पट्टीच्या खालची पाणी जाण्याची भोके बुजवली नाहीत ना, हे त्याच्यासमोरच काडी घालून पाहावे. दाराच्या काचेवरून आत गेलेले पाणी या भोकांतूनच बाहेर पडते.

आंब्याफणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला आणखी एक त्रास असतो. पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या जाळीखाली जी पन्हळ असते तिच्यात पाला, मोहोर आणि काटक्या कुजून गाळ होतो, पाणी तुंबते आणि पुढच्या माणसाच्या पायाशी उतरते. लोक दाराची रबरे बदलतात, काच पुन्हा चिकटवून घेतात, आणि दोष मात्र मूठभर पाल्याचा असतो. जाळी काढून पन्हळ साफ करावी आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून वाहते का ते पाहावे.

अ‍ॅक्सलची रबरी टोपी: वेळेवरच्या स्वस्त दुरुस्तीचा नमुना

पुढची चाके फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या टोकाला एक सांधा असतो, आणि त्यावर घड्यांची रबरी टोपी, ज्याला गॅरेजात बूट म्हणतात. आत ग्रीस भरलेले असते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, चाकामागे बॅटरीचा झोत टाकून, आरशात या टोपीच्या घड्या पाहाव्यात. घडीच्या तळाशी केसाएवढी चीर असेल, तर आज कदाचित काहीच जाणवणार नाही. चीर फाटली की ग्रीस चाकाच्या वेगाने बाहेर फेकले जाते. रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉकअपवर काळ्या चिकट ग्रीसचा पट्टा उमटलेला दिसतो, त्यावर लाल माती बसून त्याचा तपकिरी लेप झालेला असतो. ग्रीस गेले की त्याच चिरेतून पाणी आणि रेती आत जाते.

या वेळी टोपी बदलली, सांधा रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, वाळवून नवे ग्रीस भरले, तर खर्च काही शेकड्यांत आटोपतो. गॅरेजवाला पाहतो आणि म्हणतो, "काय होवचा नाय, पाऊस जाऊ दे." पाऊस जाईपर्यंत सांधा झिजतो, वळणावर कट्-कट् असा आवाज येऊ लागतो, आणि मग टोपी व ग्रीस बदलून काहीही साधत नाही, सांधा किंवा आख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो, म्हणजे खर्च हजारांत जातो. आवाज येत असलेल्या सांध्यात जाड ग्रीस कोंबून तो दाबून टाकण्याचा प्रकारही चालतो. गाडी विकायची असेल तेव्हा तो विशेष चालतो, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळू वेगाने गोल फिरवून ऐकावे.

घरी फक्त पाहणी करावी. अ‍ॅक्सल उतरवण्यासाठी लागणारा मोठा नट आणि तो आवळण्याचे ठरलेले माप यांसाठी हे काम गॅरेजात दिलेले बरे. फाटलेल्या टोपीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा उपाय गाडी घरापर्यंत आणण्यापुरताच आहे. स्टिअरिंग रॅकच्या दोन्ही टोकांना अशाच घड्यांच्या टोप्या असतात, त्या त्याच वेळी पाहून घ्याव्यात.

बॅटरी, अर्थिंग आणि फ्यूज

गाडी सकाळी सुरू होत नाही म्हणून नवी बॅटरी आणली जाते, आणि खरा दोष टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थरात किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टात असतो. आधी मोजावे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असेल तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे, मग कारण बॅटरीचे असो वा चार्जिंगचे. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते मिळत नसतील तर नवी बॅटरीही आठवड्याभरात बसेल, तेव्हा आधी बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासावा.

टर्मिनल साफ करताना उणे बाजूची वायर आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून ब्रशने थर धुवावा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, कोरडे करून टर्मिनल आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. जेली आधी लावून मग टर्मिनल बसवू नये. त्यानंतर उणे वायरीचे दुसरे टोक जिथे बॉडीला आणि गिअरबॉक्सला आवळलेले असते ते बोल्ट सोडून, खालचा पत्रा चकचकीत घासून पुन्हा आवळावेत. मंद पेटणारे दिवे, वळणाचा दिवा लावला की थरथरणारे काटे, हळू चालणारा वायपर अशा किरकोळ तक्रारी किनाऱ्यावरच्या गाड्यांत बहुतेक वेळा या अर्ध्या तासाच्या कामाने मिटतात.

फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी तिथे बसवू नये. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो. तो बळकट केला की जळते ती वायर. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी लावली, तर दमट हवेत तो जोड एका वर्षात हिरवा पडतो. जोड डाख देऊन पक्का करावा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

पाणी आणि कूलंट

रेडिएटरला बारीक गळती असली की त्यात हळद टाकण्याची युक्ती ट्रकवाल्यांकडून सगळीकडे पसरली आहे. ती लागू पडते, हेच तिचे दुखणे. हळदीचा गाळ भोक बुजवतो तसा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात घाट चढताना काटा वर जाऊ लागतो. गळती बंद करणाऱ्या पुड्यांचेही थोडेफार तसेच आहे. रस्त्यात अडकल्यावर करायचे हे उपाय घरी, हाताशी वेळ असताना करू नयेत.

थंड इंजिनावरच काम करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास आतले दाबाखालचे पाणी तोंडावर उडते. रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. टोकापाशीच चीर असेल आणि नळीला ढील असेल, तर तेवढे टोक कापून, खालची धातूची नळी घासून, नवा क्लँप लावून काम भागते. नळी मध्येच फुगलेली, मऊ पडलेली किंवा दाबल्यावर करकरणारी असेल तर ती बदलावी, आणि एक बदलताना तिच्या वयाची दुसरीही बदलावी. रेडिएटरचे झाकण ही स्वस्त वस्तू आहे, पण ते दाब धरून ठेवते म्हणूनच आतले पाणी १०० अंशांना उकळत नाही. त्याचे रबर कडक झाले असेल तर विचार न करता नवे आणावे. प्लॅस्टिकच्या टाकीला गेलेल्या तड्यावर एम-सील लावून कोल्हापूर गाठता येईल, पण परत येताना नवा रेडिएटर घेऊनच यावे.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याची सवय वाईट. त्याने मूळ दोष झाकला जातो, इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि पेट्रोल जास्त लागते. विहिरीचे पाणी भरण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे. जुने कूलंट अंगणात ओतू नये. ते गोडसर असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. इंजिन ऑईलही विहिरीच्या आसपास कधी सांडू देऊ नये.

टायमिंग बेल्टचे, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळती ठेवणाऱ्या पट्ट्याचे, एका वाक्यात सांगतो: मारुती ८०० सारख्या ज्या गाड्यांत तो रबरी पट्टा आहे, त्यांत तो पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदलावा, तो कधी बदलला ते माहीत नसेल तर आताच बदलावा, आणि त्यासोबत त्याचा टेन्शनरही बदलावा.

ब्रेक: इथे काटकसर नको

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषते, आणि आपल्या हवेत ओल भरपूर आहे. डॉट ३ प्रकारचे ताजे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकची उष्णता ऑईलपर्यंत पोचली, त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे ऑईल बदलावे, नुसती वर भर घालू नये. दोन माणसे असतील तर हे काम घरीही होते, पण हवा काढण्याचा क्रम पुस्तिकेप्रमाणेच पाळावा आणि ऑईल नव्या, सीलबंद डब्यातलेच वापरावे. गेल्या वर्षी उघडून फडताळात ठेवलेले नको.

पॅडची जाडी ३ मिलिमीटरवर आली की ते बदलावेत. रात्रीच्या पावसानंतर डिस्कवर दिसणारा नारिंगी गंज पाच-सहा वेळा ब्रेक दाबले की निघून जातो, त्याची काळजी नाही. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरची (ऑईलच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या छोट्या नळकांड्याची) रबरी कड उचलून पाहावी. आत ओल असेल तर सिलिंडर बदलावा. "किट टाकून देतो" असे मिस्त्री म्हणतो, म्हणजे जुन्या सिलिंडरला पॉलिश पेपर मारून आत नवी रबरे बसवणार. खाऱ्या हवेत त्या सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि नवी रबरे त्यांच्यावर घासून लवकरच गळू लागतात. गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या लोखंडी ब्रेक पाइपांवर पापुद्रे सुटले असतील तर पूर्ण पाइप बदलावा. त्यावर डाख, चिकटपट्टी, मध्येच टाकलेला जोड, यातले काहीही मान्य करू नये.

स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि टायरॉडची टोके यांनाही हाच न्याय. चाक उचलून वर-खाली आणि आडवे हलवावे. खेळ जाणवला तर भाग बदलून चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. लिंक रॉड आणि आर्मचे बुश वाजतात, त्रास देतात, पण ते महिनाभर थांबू शकतात. बॉल जॉइंट थांबू शकत नाही.

टायर, सायलेन्सर, दिवे

ट्यूबलेस टायरची हवा चार-आठ दिवसांनी उतरते आणि पंक्चर सापडत नाही, ही तक्रार किनाऱ्यावर फार. लोखंडी रिमची कड गंजून खडबडीत झालेली असते आणि टायर तिथे नीट बसत नाही. टायर उतरवून ती कड तारेच्या ब्रशने घासून, रंगवून, सीलंट लावून घ्यावे. नवा टायर आणण्याची गरज नसते. पृष्ठभागावरच्या पंक्चरला दोरीचा प्लग चालतो, बाजूच्या भिंतीला कोणताच उपाय चालत नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे, पण आपल्या पावसात तिथपर्यंत थांबणे मला पटत नाही. खाचा चांगल्या दिसल्या तरी वय पाहावे: टायरवरच्या चार अंकी शिक्क्यात २३१९ असेल, तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे.

सायलेन्सरला मागच्या टोकाला भोक पडले तर वेल्डिंग करून चालवता येते. इंजिन आणि केबिनच्या खालच्या भागात गळती असेल, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरू शकतो. तिथे तो पाइप बदलावा, आणि तोपर्यंत काचा उघड्या ठेवाव्यात. लोंबकळणाऱ्या सायलेन्सरची रबरे मात्र स्वस्त असतात आणि हाताने बसतात.

पिवळे पडलेले हेडलाइट नवे घेण्याआधी एकदा घासून पाहावेत. भोवतीच्या रंगाला चिकटपट्टी लावून, पाण्याचा सतत हात ठेवून ८००, १५०० आणि २००० नंबरचे पेपर क्रमाने मारावेत, मग पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरणे अडवणारे क्लिअर लॅकर. शेवटचा थर टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टचा उपाय म्हणूनच टिकत नाही. वायपरची रबरे दर मृगाआधी नवी घालावीत, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

सुटे भाग कुठून आणावेत

कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी इथे नेहमीचे भाग मिळतात, न मिळाल्यास माणसे घाट चढून कोल्हापूरला जातात किंवा मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याकडे निरोप देतात. निरोप देताना गाडीचे नुसते नाव न सांगता, जुन्या भागावरचा क्रमांक आणि गाडीच्या निर्मितीचे वर्ष लिहून द्यावे. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट आणि बेअरिंग यांत कंपनीचा किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्या नामांकित उत्पादकाचाच भाग घ्यावा; दाराची मूठ, आरसा, मडगार्ड, सीटचे रेल यांत लोकल किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारातला वापरलेला भागही चालतो. वापरलेला अल्टरनेटर, स्टार्टर किंवा इंजिनचा कॉम्प्युटर घेताना तो पुरात बुडालेल्या गाडीचा नाही ना, हे पाहावे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळुणात किती वाहने पाण्याखाली गेली हे कोकणात कोणाला सांगायला नको. जोडणीच्या पिनांत बारीक गाळ किंवा हिरवट डाग दिसला तर तो भाग फुकटही घेऊ नये.

वर्षाला जो खर्च होतो तो एका वहीत दोन रकान्यांत लिहावा: झिजणाऱ्या वस्तूंचा एक, गंजाचा दुसरा. टायर, बॅटरी, पॅड हा खर्च नव्या गाडीलाही चुकत नाही, त्यामुळे त्याकडे पाहून गाडी काढायचा निर्णय घेऊ नये. गंजाचा रकाना मात्र लागोपाठ दोन वर्षे वाढत असेल आणि वेल्डिंग भार पेलणाऱ्या जागांपर्यंत पोचले असेल, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी पुढचा पैसा त्या गाडीत घालू नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि आरटीओच्या तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नवी मिळते. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. त्या तपासणीत दिवे, ब्रेक आणि हॉर्न यांच्याबरोबर चासी नंबरही पाहिला जातो आणि त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांत नेमका तो नंबर गंजाखाली गेलेला असतो, आणि घाईत डेंटरने त्यावर लांबी किंवा जाड रंग फासलेला असतो. म्हणून गंजाचे काम काढण्यापूर्वी तो नंबर कुठे कोरला आहे ते शोधून, डेंटरला बोट ठेवून दाखवावे. त्यावर पॉलिश पेपर मारू नये, कारण आकडे उथळ असतात आणि घासून गेले तर कागदपत्रांचा घोळ निस्तरणे गंजापेक्षा कठीण जाते. मऊ ब्रशने माती काढावी, रॉकेलच्या फडक्याने पुसावे, आकडे स्पष्ट वाचता येतात याची खात्री करून वर पेट्रोलियम जेलीचा किंवा ग्रीसचा पातळ थर द्यावा, आणि दर पावसाळ्याआधी तो पुसून नवा लावावा.